सिंगापूरची सफर : नमुने बॅगेत भरण्याआधी

सिंगापूरची सफर आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाही. आमच्या व्यापारी बंधूंपैकी बरेच जण मुलाबाळांसह तिकडे जाऊन येतात आणि जाताना बॅगेच्या एका कोपऱ्यात आपल्या मालाचे चार नमुनेही ठेवतात. "तिकडे आपला माल चालेल का?" असे आम्हाला वारंवार विचारले जाते. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. ज्या गावात माल न्यायचा, ते गाव आधी ओळखले पाहिजे.

सिंगापूर हे एकच शहर आहे आणि तेच एक राष्ट्र आहे. क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईहून थोडेसे मोठे. वस्ती मात्र साठ लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्मीही नाही. पहिली चूक इथेच होते. विमानतळाचा झगमगाट पाहून आपल्याला वाटते, केवढी मोठी बाजारपेठ! खाणारी-नेसणारी तोंडे मोजली तर ती फार मोठी नाही. मोठे आहे ते बंदर. कंटेनरच्या उलाढालीत शांघायनंतर जगात याच बंदराचा क्रमांक लागतो, आणि इथे उतरणारा बहुतेक माल दुसऱ्या जहाजावर चढून पुढे जातो. म्हणून सिंगापूरचा व्यापारी नमुना हातात घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर अनेकदा मलेशिया, इंडोनेशिया, ब्रुनेई येथील गिऱ्हाईकही असते.

१८१९ साली इंग्रज अधिकारी रॅफल्स याने जोहोरचा सुलतान हुसेन व तमेंगोंग अब्दुर्रहमान यांच्याशी करार करून येथे वखार घातली आणि पहिल्यापासून बंदर जकातमुक्त ठेवले. १८६७ पर्यंत येथील कारभारावर हिंदुस्थानातील इंग्रज सरकारचीच हुकमत होती. आजही दारू, तंबाखू, मोटारगाड्या व पेट्रोलजन्य पदार्थ सोडले तर जवळजवळ कशावरही आयात जकात नाही. मात्र जकात नाही म्हणजे कर नाही, असे समजू नये. १९९४ साली ३ टक्क्यांनी सुरू झालेला वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के झाला आहे, आणि तो आयात मालावरही लागतो. भाव सांगताना हे नऊ टक्के कोण सोसणार, ते आधी बोलून घ्यावे.

रहिवाशांत चिनी वंशाचे लोक चारांत तीन, मलय सुमारे साडेतेरा टक्के, हिंदी सुमारे नऊ टक्के. मलय, चिनी, तामिळ व इंग्रजी या चार भाषा सरकारमान्य असून राष्ट्रगीत मलय भाषेत आहे. हा सलोखा आयता मिळालेला नाही. २१ जुलै १९६४ रोजी ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीच्या वेळी मलय व चिनी यांच्यात दंगल उसळली आणि त्या सालच्या दंगलींत छत्तीस माणसे गेली. पुढच्याच साली, ९ ऑगस्ट १९६५ ला, सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले. नंतर सरकारने सक्तीनेच माणसे एकमेकांशेजारी बसवली. बहुसंख्य लोक सरकारी इमारतींत राहतात आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती घरे, याची मर्यादा ठरलेली आहे. नोटांवर चित्र आहे ते पहिले राष्ट्राध्यक्ष युसूफ इसहाक यांचे. दंगलीचा अनुभव आमच्याही गाठीला आहे, त्यामुळे हा भाग वाचताना आम्ही जरा थांबलो होतो.

व्यापाऱ्याने पहिला फेरफटका कामपोंग ग्लाम भागात मारावा. सुलतानाची वस्ती इथली, आणि त्याच्या शेजारी हद्रमौतचे अरब व्यापारी. मध्ये सुलतान मशीद आहे. आजची इमारत १९३२ सालची. तिच्या सोनेरी घुमटांच्या तळाशी एक काळा पट्टा दिसतो, तो जवळून पाहावा : काचेच्या बाटल्यांचे बूड एकाशेजारी एक बसवले आहेत. ज्यांच्याकडे वर्गणी द्यायला पैसा नव्हता, त्या गरिबांकडून या बाटल्या घेतल्या, म्हणजे मशिदीत त्यांचाही हिस्सा लागला. समोरच्या बसरा स्ट्रीटवर एके काळी बोटीने हजला जाणारे यात्रेकरू आजूबाजूच्या बेटांवरून येऊन मुक्काम करीत. प्रवाशांच्या गरजेपोटी दुकाने वाढली. अरब स्ट्रीटवर आजही कापडाचे ठाण, बाटिक, गालिचे आणि अल्कोहोलविरहित अत्तरे मिळतात. पर्यटकांची गर्दी वाढल्यापासून भाडी चढली आणि काही जुने धंदे उठून गेले, हेही खरे.

याच रस्त्यावर आमच्या विणकर बंधूंनी एक वस्त्र हातात घेऊन पाहावे. मलय पुरुष घरी आणि नमाजला जे चौकड्यांचे वस्त्र नेसतात, त्याला 'काइन पलेकत' म्हणतात. 'पलेकत' म्हणजे मद्रासजवळचे पुलिकत बंदर. आपल्याच किनाऱ्यावरचे कापड समुद्रापार गेले आणि गावाचे नाव तेवढे त्याला चिकटून राहिले. आपली लुंगी आणि हे वस्त्र दिसायला बहिणी-बहिणी, पण एक फरक आहे. भिवंडीच्या आमच्या एका परिचिताला तो महागात पडला. त्यांनी ओळखीच्या माणसामार्फत, आगाऊ रक्कम न घेता, एक मोठा गठ्ठा पाठवला. विणकाम चांगले होते, रंगही पक्का होता. परंतु लुंगी दोन्ही टोकांना मोकळी होती, आणि तिकडे गिऱ्हाईक मागते नळीसारखी गोल शिवलेली. पुन्हा शिवून द्यायची तर तिथली मजुरी कापडाच्या किमतीवर जाते. गठ्ठा मातीमोल भावात गेला. त्यांनी नमुना पाठवला असता, किंवा तिथली एक लुंगी विकत मागवून समोर ठेवली असती, तर नुकसान झाले नसते.

आता खाद्यपदार्थ, मसाले व मिठाईवाल्यांसाठी. आपल्याकडे 'हलाल' हा शब्द कोणीही रंगाऱ्याकडून पाटीवर लिहून घेतो. तिकडे तसे चालत नाही. १९६६ च्या मुस्लिम कायद्यानुसार १९६८ साली 'मुईस' ही इस्लामी परिषद स्थापन झाली आणि १९७८ पासून ती हलाल प्रमाणपत्रे देते. तिच्या परवानगीशिवाय तिची खूण लावली किंवा माल तसा भासवला, तर दहा हजार सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड अथवा बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याचा परिणाम असा की, चिनी मालकाच्या उपाहारगृहातही खूण दिसली की मलय कुटुंब निर्धास्त जेवायला बसते. परदेशी हलाल दाखला तिथे पुढे करायचा असेल, तर तो देणारी संस्था मुईसच्या मान्य यादीत आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहावे. दाखल्यासाठी आपल्याकडे फी घेणारे पुष्कळ आहेत. सर्वांचेच कागद तिथे ग्राह्य धरले जात नाहीत.

प्रवाशाने लक्षात ठेवायचे ते एवढे : 'डुकराचे मांस नाही, चरबी नाही' अशी इंग्रजी पाटी म्हणजे हलाल नव्हे. 'मालक मुसलमान' ही पाटी वेगळी आणि प्रमाणपत्र वेगळे. स्वस्त जेवण हॉकर सेंटरमध्ये मिळते. तिथे हलाल थाळ्या परत ठेवण्याची जागाही निराळी असते. १९०८ पासून नॉर्थ ब्रिज रोडवर चालणाऱ्या 'झमझम'चा मुर्तबक चाखायला हरकत नाही. केरळच्या माणसाने सुरू केलेले ते दुकान आहे.

सेरंगून रोडच्या हिंदी वस्तीत आपला माणूस बावरत नाही. तिथली अंगुलिया मशीद मूळच्या गुजराती व्यापारी घराण्याच्या नावाची आहे. हिल स्ट्रीटवर दाऊदी बोहऱ्यांची बुऱ्हानी मशीद आहे. साऊथ ब्रिज रोडवर तामिळ चुलिया मुसलमानांची जामे मशीद आणि मारिअम्मनचे देऊळ एकाच रस्त्यावर जवळजवळ उभी आहेत. सय्यद अलवी रोडवरचे मुस्तफा सेंटर तर सर्वांना ठाऊक आहे. उत्तर प्रदेशातील मूळ असलेल्या मुश्ताक अहमद यांनी १९७१ साली तयार कपड्यांच्या छोट्या दुकानापासून सुरुवात केली होती. तिथे खरेदीपेक्षा एक तास फक्त फळ्या पाहण्यात घालवावा : आपल्या प्रकारचा माल कोणत्या देशाचा आहे, वेष्टन कसे आहे, भाव काय लिहिला आहे. वहीत टिपून घ्यावे.

कागदपत्रांचे थोडक्यात. व्हिसा अधिकृत एजंटांमार्फत काढावा. आगमनाचे कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि ते मोफत असते. त्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे. भेटीच्या व्हिसावर व्यापाऱ्यांना भेटता येते, बोलणी करता येतात, परंतु पथारी मांडून माल विकता येत नाही. गुटखा, जर्दा, खैनी यांना पूर्ण बंदी आहे. च्युइंगमची आयात १९९२ पासून बंद आहे. सिगारेटच्या एका पाकिटालाही जकातीत सूट नाही. घरच्या मसाल्यात खसखस असते, तीही नेऊ नये, कारण तिथे ती अंमली पदार्थांच्या नियमात अडकते. अमली द्रव्याला तर फाशी आहे, तेव्हा कोणाचीही बंद पुडी 'फक्त पोहोचवा' म्हणून घेऊ नये.

खरेदी करणार असाल तर योजनेत सामील असलेल्या दुकानात शंभर डॉलर व त्याहून अधिक खरेदीवर पासपोर्ट दाखवून कर परतावा मागावा. तो विमानतळावर मिळतो. हॉटेलच्या दरापुढे अधिकची दोन चिन्हे असली, तर दहा टक्के सेवा आकार आणि नऊ टक्के कर वर पडणार, हे समजावे.

शहर विषुववृत्ताला अगदी लागून असल्याने नमाजाच्या वेळा वर्षभर फारशा हलत नाहीत. जोहर दुपारी एकच्या सुमारास, मगरिब सातच्या सुमारास. त्या बेताने गाठीभेटी ठरवता येतात. अजान मशिदीच्या आतच ऐकू येते, बाहेरच्यांसाठी ती रेडिओवर असते.

मलय शब्द आपल्याला परके वाटणार नाहीत. 'आपा खबर' म्हणजे कसे आहात, 'सबुन' म्हणजे साबण, 'कुंची' म्हणजे किल्ली. 'बेरापा' म्हणजे किती, आणि भावाला 'हर्गा' म्हणतात. 'बेरापा हर्गा' एवढे विचारता आले तरी अरब स्ट्रीटचा दुकानदार हसून खुर्ची पुढे करतो. तेव्हा नमुना काढावा. नमुन्यावर लांबी-रुंदी, सुताचा नंबर, कमीत कमी किती नग देऊ आणि किती दिवसांत देऊ, हे इंग्रजीत लिहून चिठ्ठी टाचलेली असावी.