बाजरीतला अरगट : मळणीआधी कणसं बघा



आणे पठार, लोणी-धामणी या पट्ट्यात बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा अन् रिमझिम राहिली असेल, तर काढणीआधी शेतात एक चक्कर मारा. कणसावर मधासारखा चिकट द्रव आणि त्यावर माश्या-मुंग्या दिसल्या तर तो अरगट, म्हणजे चिकटा. ही बुरशी आहे. त्या फुलात दाणा भरत नाही, त्याच्या जागी काळपट कडक गाठ तयार होते. विष त्या गाठीत असतं.

1956-57 साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना विषबाधा झाली होती. मळमळ, उलट्या, चक्कर आणि दिवस-दोन दिवस न उतरणारी गुंगी. युरोपात राईवरच्या अरगटाने माणसांचे हातपाय सडायचे. बाजरीतलं विष वेगळ्या प्रकारचं आहे, तसं सडवत नाही. म्हणूनच "पित्त झालं असेल" म्हणून सोडून देणं सोपं जातं.

रोगट कणसं मळणीआधीच वेगळी काढा आणि जाळा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मळणी यंत्रात गाठी फुटल्या की तुकडे दाण्यात मिसळतात, नुसत्या उफणणीने निघत नाहीत. "पाच-दहा कणसांनी काय होतंय" म्हणू नका. धान्यात अरगटाची कायदेशीर मर्यादा 0.05 टक्के आहे, म्हणजे क्विंटलला फक्त 50 ग्रॅम!

धान्यात गाठी दिसल्याच तर 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवा आणि थोडी थोडी बाजरी त्यात टाकून ढवळा. गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतील, ते काढून जाळा. ते कोंबड्या-जनावरांपुढे टाकू नका. तळाची बाजरी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. खायची असेल तर उन्हात कडक वाळवा, बियाण्याची सावलीत. पेरणीआधीही हीच प्रक्रिया करायची. औषध लावलेलं बियाणं मात्र धुऊनसुद्धा खाऊ नये.

भाकरी भाजल्यावर विष जाईल या भरवशावर राहू नका. घरात एकाच पिठाची भाकरी खाऊन दोघा-तिघांना उलट्या, गुंगी आली तर ते पीठ बंद करा, लगेच दवाखाना गाठा आणि थोडी बाजरी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

कणसाबद्दल शंका असेल तर जवळून काढलेला फोटो याच नंबरवर पाठवा.