बेगमपुऱ्याचा नकाशा : कल्पित प्रदेश संगणकावर कसा रेखाटावा?

नकाशा म्हणजे भूगोलाच्या तासाची गोष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात तो काढणाऱ्याची दृष्टीही दिसते. म्हणूनच जो प्रदेश पृथ्वीवर नाही, त्याचा नकाशा अधिक बोलका ठरतो. थॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’च्या १५१६ मधील पहिल्या आवृत्तीतच त्या कल्पित बेटाचा नकाशा होता. स्टीव्हन्सन यांनी १८८१ मध्ये आधी एका बेटाचा नकाशा रंगविला आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मली. आपल्या परंपरेत संत रविदासांनी ‘बेगमपुरा’ या नगराची कल्पना मांडली. बेगम म्हणजे गम नसलेले, दुःखरहित. गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या पदातील या नगरात कर नाही, भय नाही, कोणी दुय्यम नाही आणि प्रत्येकाला मुक्तपणे हिंडता येते.

नववीच्या विद्यार्थ्यांना मी या बेगमपुऱ्याचा नकाशा काढावयास सांगितले. पहिले आराखडे हाती आले तेव्हा मी क्षणभर स्तब्ध झालो. बहुतेकांनी मधोमध किल्ला काढला होता; त्याला लागून विहीर, भोवती तट आणि तटाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला, चार झोपड्या. “ही घरे बाहेर का?” असे विचारताच एक विद्यार्थी म्हणाला, “गाव असंच असतं ना, सर?” पुढील पाठ त्या प्रश्नातून तयार झाला.

१. आधी कागद, मग संगणक

प्रथम पेन्सिलीने कच्चा आराखडा काढावा. त्याचे छायाचित्र इंकस्केप, क्रिटा किंवा गिम्प यांपैकी एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत खालच्या लेयरवर ठेवावे, त्याची ओपॅसिटी कमी करून ते फिकट करावे आणि तो लेयर कुलूपबंद करावा. त्यावर किनारा, नद्या, डोंगर, रस्ते, वस्त्या आणि नावे यांसाठी स्वतंत्र लेयर घ्यावेत. एक चूक सुधारताना बाकीचे काम बिघडत नाही, हा याचा मोठा लाभ.

२. पाण्याची दिशा

नवशिक्यांची ठळक चूक नद्यांमध्ये आढळते. नदी उंचावरून सखल भागाकडे वाहते. उपनद्या तिला येऊन मिळतात. वाटेत ती सहसा फाटत नाही, फाटलीच तर मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात. म्हणून रेघ उगमाकडून मुखाकडे ओढावी आणि हळूहळू रुंद करावी. डोंगर सुटे विखुरू नयेत. त्यांची रांग असावी. वारे कोठून येतात हे ठरवावे, म्हणजे रांगेच्या एका बाजूस रान आणि दुसऱ्या बाजूस कोरडा मुलूख आपोआप ठरतो. महाबळेश्वरचा पाऊस आणि माण-खटावचा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

यानंतर नदीवर पाणवठे दाखवावेत आणि प्रत्येक पाणवठ्यापाशी विचारावे : येथे वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न कृतीतून विचारला होता.

३. तयार चित्रांपासून सावधान

‘अझगार्स फॅन्टसी मॅप जनरेटर’ हे मोफत साधन एका टिचकीत अख्खे जग निर्माण करते. पण राज्ये, राजधान्या आणि सीमाही तेच ठरवून देते. ‘इंकारनेट’मध्ये डोंगर, झाडे, घरे यांची चित्रे तयार मिळतात; त्यांत मध्ययुगीन युरोपातील किल्ले आणि मनोरे विपुल असतात. अभ्यासासाठी ही साधने जरूर वापरावीत. मात्र विहार, शाळा, वाचनालय, दवाखाना यांची चिन्हे स्वतः काढावीत. इंकस्केपमध्ये चिन्ह एकदा काढले की हवे तितक्या वेळा, हव्या त्या आकारात वापरता येते.

४. प्रमाण आणि अंतर

प्रमाणपट्टीशिवाय नकाशा अपुरा. माणूस दिवसभरात साधारणपणे २० ते २५ किलोमीटर चालतो, हे ध्यानात ठेवून मुक्कामाची गावे ठरवावीत. मग शाळा मध्यबिंदू धरून १ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. कोणती वस्ती वर्तुळाबाहेर राहते, हे लगेच दिसते. आमच्या वर्गात झोपड्यांची ती वस्ती प्रत्येक वेळी बाहेरच राहिली!

५. अक्षरे आणि छपाई

देवनागरीसाठी युनिकोड फॉन्टच वापरावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येईलच असे नाही. नदीचे नाव तिच्या वळणाने लिहावे. अक्षरांचे आकार तीनच ठेवावेत : प्रदेश, नगर आणि वस्ती यांसाठी. ए-३ आकाराच्या छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेल, एवढी प्रतिमा लागते. रेषा स्वच्छ राहाव्यात म्हणून ती पीएनजी स्वरूपात साठवावी.

दुसऱ्या फेरीत त्याच विद्यार्थ्याने विहीर चार वाटा मिळतात तेथे आणली आणि शाळा त्या चार घरांच्या शेजारी नेली. तटाचा लेयर त्याने अगोदर नुसता अदृश्य केला होता. नंतर विचार करून तो कायमचा काढून टाकला. “लपवला तर कोणी पुन्हा दाखवेल, सर,” असे तो म्हणाला.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, घरी मुलांसोबत असा एक नकाशा अवश्य काढावा. तो पूर्ण झाल्यावर आपल्या खऱ्या गावाचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवावा आणि पाणी, शाळा व वाटा यांत कोठे फरक पडतो, ते मुलांकडूनच वदवून घ्यावे. बेगमपुऱ्याकडे जाणाऱ्या कामांची यादी त्या फरकांतूनच तयार होईल.