ब्रिटनमध्ये कुत्र्याला फिरवताना : रहिमतपूरकरांसाठी चार गोष्टी

रहिमतपूरच्या गल्लीतलं कुत्रं स्वतःला सांभाळतं, असं आपण धरून चालतो. ते शहाणं असतंच, पण त्याला खरं वाचवतो तो आपल्या रस्त्याचा संथपणा आणि गोंगाट. पेठेतली दुचाकी वाट काढत सावकाश येते, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळणाआधीच ऐकू येतो आणि चालकाचा अंगठा हॉर्नवरच असतो. ब्रिटनमध्ये यातलं काही गृहीत धरता येत नाही. इंग्लंडच्या बऱ्याच वस्त्यांत वेगमर्यादा ताशी 30 मैल, म्हणजे सुमारे 48 किलोमीटर. इथल्या ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमावलीनुसार त्या वेगातली गाडी थांबायला 23 मीटर लागतात, आणि त्यातले 9 मीटर चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच संपतात. हॉर्न तर कोणी सहसा वाजवतच नाही. म्हणून इथे स्थिरावलेली मराठी मंडळी नव्यांना पहिली गोष्ट सांगतात ती हीच: दार उघडायच्या आधी लीश लावा, उघडल्यावर नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘आमचा हाक मारली की येतो.’ येत असेलही. पण समोरून मांजर पळालं किंवा 5 नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे इथल्या फटाक्यांच्या दिवसांत, फटाका वाजला, की हाक ऐकून वळेपर्यंत गाडी पोचलेली असते. शिवाय हाकेला ओ देण्यासाठी तो रस्ता ओलांडूनही धावत येऊ शकतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. दुसरा आक्षेप, मुक्या जिवाला बांधून ठेवणं क्रूरपणाचं आहे. तो रास्त आहे, पण इथे लागू पडत नाही. परवानगी असलेल्या मैदानात त्याला मनसोक्त मोकळं सोडा, लीश फक्त रस्त्यालगत. आणि ‘गावाकडे इतकी कुत्री मोकळीच फिरतात की’ म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की आपल्याला दिसतात ती वाचलेली. चाकाखाली गेलेली या हिशोबात येत नाहीत.

लीश आखूड हवी. लांबत जाणारी दोरी मैदानात ठीक, फूटपाथवर तिचं बटण दाबून ती आखूडच ठेवा. पाच मीटर सुटलेलं कुत्रं दोन उभ्या गाड्यांमधून केव्हाच रस्त्यावर गेलेलं असतं. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळ्यातल्या पट्ट्यातून डोकं सोडवून घेतं, म्हणून हार्नेस बरा, पण पट्टाही राहू द्या, कारण सार्वजनिक जागी त्यावर मालकाचं नाव-पत्ता असणं कायद्याने बंधनकारक आहे. फूटपाथ नसेल तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने चाला, आणि कुत्रं तुमच्याही उजवीकडे, रस्त्यापासून लांब. डिसेंबरात लंडनला चारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळच्या फेरीला चमकणारी पट्टी दोघांच्याही अंगावर असू द्या.

अपघातात कुत्रं जखमी झालं तर 1988 च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार चालकाला थांबावंच लागतं. पण सुटलेल्या कुत्र्यामुळे नुकसान झालं तर भरपाई तुमच्याकडेही मागितली जाऊ शकते. विमा घेताना दुसऱ्याच्या नुकसानीची तरतूद त्यात आहे का, ते वाचा. सुटलेल्या कुत्र्याचा मालक सापडावा म्हणून इंग्लंडमध्ये कुत्र्याला मायक्रोचिप 2016 पासून सक्तीची आहे. नवीन माणसं पहिल्या दोन-तीन वर्षांत घरं बदलतात आणि चिपच्या नोंदीत मात्र जुनाच पत्ता राहतो. घर बदललंत की तो त्याच आठवड्यात बदलून घ्या.