तर्रीचा रंग आणि प्रयोगशाळेतली तपासणी

ग्लासात पाणी, तेल आणि चिमूटभर तिखट ढवळून थोडा वेळ ठेवा. लाल रंग मुख्यतः वरच्या तेलात उतरतो. मिसळीची तर्री डिंगोऱ्यातल्या मुलांच्या ओळखीचीच!

प्रयोगशाळेत हेच तत्त्व वापरतात. सुदान-३ हा रंग पाण्यात नाही, मेदात विरघळतो. शौचाच्या नमुन्यात तो मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की मेदाचे थेंब नारिंगी-लाल दिसतात. थोडे थेंब असतातच. पण खूप आणि मोठे दिसले, तर मेद नीट पचत किंवा शोषला जात नसावा. दोष स्वादुपिंडात की आतड्यात, हे पुढच्या तपासण्यांत कळतं.

मूल पोटभर जेवूनही वजन वाढत नसेल आणि शौच तेलकट, चिकट, फार वासाचं होत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

आणि हो, सुदान रंग खाण्याचा नाही. खाद्यपदार्थांत त्याला बंदी आहे. वर्गात आपलं तिखटच बरं!