बंद पेटीतील मळा

मालवाहू जहाजांवरील लोखंडी कंटेनरमध्ये मातीविना आणि सूर्यप्रकाशाविना भाजी पिकविता येते, हे आता नवलाचे राहिलेले नाही. मातीविना पिकविलेल्या अशा भाजीचे पाकीट दाखवून पालक विचारतात, "डॉक्टरसाहेब, मुलांना हीच द्यावी का?" उत्तरापूर्वी अंटार्क्टिकावरील एक प्रयोग पाहू या.

जर्मनीच्या 'नॉयमायर-३' संशोधन केंद्राजवळ २०१८ साली दोन कंटेनर जोडून 'ईडन आयएसएस' हे हरितगृह उभारण्यात आले. पॉल झाबेल या शास्त्रज्ञांनी तेथील दीर्घ हिवाळा रोपांच्या संगतीत काढला. मुळे हवेत लोंबत असत; त्यांवर पोषक क्षारयुक्त पाण्याचे तुषार उडविले जात. एलईडी दिवे हाच तेथील सूर्य! साडेनऊ महिन्यांत अवघ्या १२.५ चौरस मीटर लागवडीतून २६८ किलो ताजा भाजीपाला निघाला. त्यात लेट्यूस ११७ किलो, काकडी ६७ आणि टोमॅटो ५०. उरलेल्यात नवलकोल, मुळे इत्यादी.

आता वैद्यकीय हिशेब मांडू. हिवाळ्यात केंद्रात दहा माणसे होती. म्हणजे दरडोई दररोज सुमारे ९४ ग्रॅम. त्यातून ऊर्जा मिळते जेमतेम पंधरा ते वीस किलोकॅलरी. दोन वर्षांच्या बालकाची रोजची गरज हजाराच्या घरात असते! मात्र स्कर्व्ही टाळण्यास लागणारे सुमारे दहा मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, माझ्या ढोबळ गणिताने, एवढ्या वाट्यातून मिळू शकते. बर्फात अडकलेल्यांना हे वरदानच होय. कॅनडाच्या उत्तरेकडील ग्योआ हेवन येथेही २०१९ पासून कंटेनरमध्ये भाजी पिकविण्याचा उपक्रम सुरू झाला, तो याच निकडीतून.

परंतु 'यातून जगाची भूक भागेल' हा दावा मला पटत नाही. दिव्याच्या प्रकाशातील अत्यल्प अंशच अन्नात उतरतो. गहू वा तूर असे पिकवावयाचे तर विजेचे देयकच धान्याहून कितीतरी जड व्हावे. असे कंटेनर विकणारी बोस्टनची 'फ्राइट फार्म्स' ही कंपनी २०२५ मध्ये बंद पडली.

तेव्हा पालकांना माझे सांगणे असे: पाकिटातील लेट्यूस मुलास आवडत असेल तर अवश्य द्या. पण त्याहून मेथी, माठ, शेवग्याचा पाला अधिक पोषक, आणि आपल्याकडे ऊन फुकट आहे. पैसा मोजकाच असेल तर आधी डाळ, शेंगदाणे, चालत असल्यास अंडे. पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. म्हणून तिच्यावर लिंबू पिळावे, आणि जेवणाबरोबर मुलास चहा देऊ नये.