लंगडणारी मेंढी आणि लाळ्या-खुरकूत

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील शहागंज ही घड्याळाच्या मनोऱ्यामुळे ओळखली जाणारी बाजारपेठ. शहराच्या छावणी भागात दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो व तेथे जनावरांचीही खरेदी-विक्री होते. बकरी ईदच्या आधीच्या दिवसांत तर शेळ्या-मेंढ्यांची शहराकडे रीघच लागते. विकले गेलेले जनावर शहरात राहते. परंतु न विकले गेलेले जनावर त्याच संध्याकाळी गावी परतते आणि रात्री आपल्या कळपात बसते. लाळ्या-खुरकुताच्या प्रसाराचा विचार करताना या परतीच्या प्रवासाकडे प्रथम पाहावयास हवे.

गाय किंवा बैल या रोगाने आजारी पडला, की ते कोणाच्याही ध्यानात येते. ताप चढतो, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जीभ सोलवटते, खुरांच्या बेचक्यात फोड येऊन फुटतात. मेंढीचे तसे नाही. तिच्या तोंडातील फोड लहान असतात व लवकर भरून येतात. लाळ बहुधा गळतच नाही. एकाएकी काही मेंढ्या लंगडू लागणे, एवढीच काय ती खूण दिसते. पावसाळ्यात खूर सडण्याचा विकार नेहमीचाच असल्याने ‘चिखलाने पाय धरला’ असे समजून मेंढपाळ पुढे निघतो. कोकरांच्या बाबतीत मात्र रोग निर्दय ठरतो. विषाणू हृदयाच्या स्नायूंवर आघात करतो आणि तोंडात वा पायात फोड दिसण्यापूर्वीच कोकरू दगावते. लंगडणाऱ्या मेंढ्या व अचानक मरणारी कोकरे एकाच कळपात आढळली, तर पशुवैद्यकास ताबडतोब बोलावणे आवश्यक होय.

सौम्य लक्षणे किती महाग पडतात, याचा धडा २००१ साली ब्रिटनने घेतला. रोग ओळखला जाण्यापूर्वीच बाधित मेंढ्या हेक्सम व लाँगटाउन येथील बाजारांतून देशभर पांगल्या होत्या. साथ आटोक्यात आणण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. भारताने सामूहिक कत्तलीचा नव्हे, तर लसीकरणाचा मार्ग पत्करला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाई-म्हशींबरोबर मेंढ्या, शेळ्या व डुकरे यांचाही समावेश करण्यात आला. भारतातील लसीत विषाणूचे ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ हे तीन प्रकार असतात. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही आणि लसीचा प्रभावही सुमारे सहा महिनेच टिकतो. म्हणून ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती गोठली तरी निकामी होते, ही गोष्ट बर्फाच्या पेटीवर विसंबणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या, आणि त्यांपैकी कितीतरी कळप वर्षातील अनेक महिने गावाबाहेर असतात. लसीकरणाचे पथक गावात येते, तेव्हा धनगरांचा वाडा दुसऱ्या तालुक्यात कोणाच्या तरी शेतात बसलेला असतो. ज्या गावात तो बसला आहे, तेथील यादीत या मेंढ्यांची नोंद नसते. दोन्ही गावांच्या मधल्या फटीत कळप लसीवाचून राहतो. पुढे त्या गावच्या बैलांना पेरणीच्या तोंडावर रोग झाला, की ठपका मेंढपाळावर येतो. वास्तविक पुष्कळदा गाई-म्हशींकडूनच मेंढ्यांना लागण होते. मेंढपाळाला हुसकावून लावल्याने रोग जात नाही, तो पुढच्या गावी पोहोचतो. शेतात मेंढ्या बसविण्याचा व्यवहार ठरतो, त्याच वेळी ग्रामपंचायतीने कळपाची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविली, तर ही फट बऱ्याच अंशी बुजेल.

कायद्यानेही पंचायतीकडे काम सोपविले आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ साली झालेल्या केंद्रीय अधिनियमानुसार, अनुसूचित रोगाचा संशय येताच मालकाने ग्राम अधिकारी किंवा पंचायतीस कळवावयाचे असते, आणि तेथून ती माहिती जवळच्या पशुवैद्यकाकडे जावयाची असते. आजारी जनावर वेगळे बांधणे ही मालकाची जबाबदारी आहे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाच्या वेळी राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा उशिरा मिळालेल्या खबरेची किंमत बाजारावर पोट असणाऱ्या प्रत्येकाने मोजली.

बाधित गोठा किंवा वाडा धुण्यासाठी धुण्याच्या सोड्याचे चार टक्के द्रावण उपयोगी पडते, कारण हा विषाणू तीव्र आम्ल व अल्क दोन्हींपुढे टिकत नाही. मेंढ्यांच्या जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य पाण्याने धुवाव्यात व त्यांना कोरड्या जागी ठेवावे. विषाणूवर औषध नाही. जंतुनाशक गोळ्या केवळ जखमेतील दुय्यम संसर्गापुरत्या, आणि त्याही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच.

शाळांतून एक शंका वारंवार विचारली जाते. लहान मुलांना होणारा हात, पाय व तोंडावरील फोडांचा आजार आणि हा रोग एकच काय? नाही. दोहोंचे विषाणू वेगळे आहेत. मेंढरांमागे फिरणाऱ्या मुलाला वर्गात वेगळे बसविण्याचे काहीही कारण नाही.