वुर्स्ट, मोहरी आणि अंगठा : जर्मन वाक्प्रचारांची ओळख

प्रस्तावना

परकी भाषा शिकताना व्याकरण आणि शब्दसंग्रह ही दोन साधने प्रथम हाती येतात. ती आवश्यकच आहेत. परंतु माणसे केवळ व्याकरणाने बोलत नाहीत. ‘अखेर त्याने हात टेकले’ हे मराठी वाक्य ऐकून शब्दकोश उघडणाऱ्या परक्या माणसास, हात नेमके कशावर टेकले, असा प्रश्न पडेल. जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाचीही अशीच अवस्था होते.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंबंधी करार केला. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळविण्यासाठी साधारणतः बी-२ या पातळीचे भाषाज्ञान सिद्ध करावे लागते. प्रमाणपत्र परीक्षेतून मिळते. रुग्ण मात्र घरगुती भाषेत बोलतो. ‘चहा हवा की कॉफी?’ या प्रश्नावर एखादे आजोबा ‘डास इस्ट मिअर वुर्स्ट’ असे उत्तरले, तर नवख्या परिचारिकेस वाटेल की त्यांना वुर्स्ट खायचे आहे. वास्तविक त्यांना एवढेच म्हणायचे असते, की ‘मला काहीही चालेल.’

मूळ पाठ

वुर्स्ट म्हणजे मसाला मिसळलेले मांस आतड्याच्या नळीत भरून केलेला पदार्थ, म्हणजेच सॉसेज. गोव्यातील चोरीस ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याची कल्पना सहज येईल. जर्मन खेड्यांत हिवाळ्याच्या तोंडावर घरचे डुक्कर कापण्याची आणि त्या दिवशी मेजवानी करण्याची प्रथा होती. मांस टिकविण्यासाठी त्याचे वुर्स्ट केले जाई, काही भाग धुरावून ठेवला जाई. जो पदार्थ घराघरात वर्षभर पुरवून खाल्ला जातो, तो भाषेत शिरला नाही तरच नवल. मराठीत भाकरी, मीठ आणि डाळ यांचे जे स्थान, तेच तेथे वुर्स्टचे.

येथे एक मौज आहे. ‘ते मला वुर्स्ट आहे’ म्हणजे त्याचे मला काही वाटत नाही. परंतु ‘येट्स्ट गेट्स उम डी वुर्स्ट’, शब्दशः ‘आता प्रश्न वुर्स्टचा आहे’, याचा अर्थ बरोबर उलटा : आता निर्णायक घटका आली! जत्रेतील शर्यतींत वुर्स्ट हे बक्षीस असे, त्यावरून हा प्रयोग आला असे सांगतात. शब्द एकच, पण एकीकडे बेफिकिरी आणि दुसरीकडे जीव तोडून केलेली धडपड. शब्दकोशातील ‘वुर्स्ट’ या नोंदीचा अर्थ पाठ करून हा भेद कळणार नाही. एखाद्यासाठी वेगळे वुर्स्ट भाजणे म्हणजे त्याला खास वागणूक देणे. आणि वुर्स्ट फेकून डुकराच्या चरबीदार मांसाचा मोठा तुकडा मिळवू पाहणे म्हणजे थोडे देऊन पुष्कळ साधणे. या शेवटच्या प्रयोगाला मराठीत तंतोतंत जोड आहे : आवळा देऊन कोहळा काढणे. एका घराच्या मागे परसबाग, दुसऱ्याच्या मागे डुकराचा गोठा. व्यवहारी मन मात्र एकच.

वुर्स्टबरोबर मोहरीची चटणी हवीच. तिला ‘झेन्फ’ म्हणतात. कोणी न विचारता मत देऊ लागला, की तो ‘आपली मोहरी त्यात घालतो’.

याच ताटलीत व्याकरणाचा एक धडा वाढलेला आहे. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत. डेअर झेन्फ (तो), डी वुर्स्ट (ती) आणि डास ब्रोट म्हणजे पाव (ते). इंग्रजीतून जर्मनकडे वळणाऱ्यास ही लिंगे जाचक वाटतात. मराठी भाषकास ती कल्पना जन्मापासून परिचित असते. मात्र मराठीतील लिंग जर्मन शब्दास लावण्याचा मोह टाळावा. सूर्य मराठीत पुल्लिंगी, तर जर्मनमध्ये ‘डी झोने’, म्हणजे स्त्रीलिंगी आहे.

आता अंगठा. मराठीत अंगठा दाखविणे म्हणजे ऐनवेळी नकार देणे. जर्मन माणूस अंगठा दाखवीत नाही, तो मुठीत दाबून धरतो आणि म्हणतो, ‘इश ड्र्युके डिअर डी डाउमेन’ : मी तुझ्यासाठी अंगठे दाबतो, तुला यश मिळो. वडीलधाऱ्या किंवा अपरिचित व्यक्तीस हेच सांगताना ‘डिअर’च्या जागी ‘ईनेन’ येते. ‘तुला’ आणि ‘आपल्याला’ यांतील भेद जाणणाऱ्या मराठी माणसास हा शिष्टाचार वेगळा शिकवावा लागत नाही.

सण-परंपरांतूनही भाषा शिकता येते. ३१ डिसेंबरच्या रात्री वितळलेले शिसे पाण्यात ओतायचे आणि जो आकार बनेल त्यावरून येत्या वर्षाचे भाकीत करायचे, अशी तेथे जुनी गंमत आहे. शिसे विषारी असल्याने २०१८ पासून शिशाच्या संचांची विक्री थांबली. आता मेण किंवा कथील वापरतात. वर्गात ही कृती मेणबत्तीच्या मेणाने करता येते. आकार पाहून प्रत्येकाने भविष्यकाळातील एक वाक्य जर्मनमध्ये सांगावे. शिक्षकाने केवळ मेणाकडे लक्ष ठेवावे. व्याकरणाच्या चुका त्या दिवशी माफ असाव्यात.

कृती व प्रश्न

१. गटातील एकाने मुठीत अंगठा दाबणे, ताटात मोहरी वाढणे अशा क्रिया मूकाभिनयाने कराव्यात. इतरांनी त्यामागील खरा अर्थ मराठीत सांगावा.

२. ‘डास इस्ट मिअर वुर्स्ट’ आणि ‘येट्स्ट गेट्स उम डी वुर्स्ट’ या दोहोंपैकी कोणते वाक्य पुढील प्रसंगी योग्य ठरेल? (अ) अंतिम सामन्याचे शेवटचे षटक. (आ) भिंतीला कोणता रंग द्यावा, असे विचारल्यावर.

३. मीठ, डाळ आणि भाकरी यांवरून आलेले मराठी वाक्प्रचार लिहा. त्यांपैकी एकाचा अर्थ, मराठी न येणाऱ्या पाहुण्यास समजेल अशा रीतीने, चार वाक्यांत स्पष्ट करा.